हाताने घडवलेली अक्रोडाची मूठ: हवाई पिस्तुलावरील चौदा महिन्यांचा अनुभव

गेले चौदा महिने मी माझ्या १० मीटर हवाई पिस्तुलावर एका कारागिराने हाताने घडवलेली अक्रोडाच्या लाकडाची मूठ वापरत आहे. आठवड्यातून साधारण चार दिवस सराव, नऊ स्पर्धा आणि तीन वेळा कारागिराकडून करून घेतलेली दुरुस्ती एवढे झाल्यावरच हा अनुभव लिहायला घेतला, कारण पहिल्या आठवड्यात लिहिले असते तर ते लाकडाच्या देखणेपणाचे कौतुक ठरले असते आणि तिसऱ्या महिन्यात लिहिले असते तर ती तक्रार झाली असती. आता माझे मत असे आहे की अशा मुठीचे खरे मोल तिला पुन्हापुन्हा खरवडून आणि भरून हाताशी जुळवत राहता येते यात आहे. पहिल्या दिवशी ती हातात जशी चपखल बसली, तो स्पर्श मला फसवा ठरला.

पिस्तुलासोबत आलेली मूठ वाईट नव्हती. अशा मुठी लहान, मध्यम, मोठा अशा ठरावीक मापांत मिळतात आणि अनेकांना त्यांतील एखादी थोड्याफार घासकामानंतर व्यवस्थित जुळते. माझा तळहात रुंद आणि बोटे आखूड आहेत. मध्यम मापात तळहात आवळला जाई, तर मोठ्या मापात तर्जनी ट्रिगरपर्यंत पुरेशी पोहोचत नसे. ट्रिगरवर बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग यावा आणि दाब सरळ मागे जावा अशी अपेक्षा असते. माझ्या बाबतीत केवळ बोटाचे टोक टेकत असल्यामुळे प्रत्येक दाबासोबत नळीचे तोंड किंचित बाजूला ढकलले जात होते. दोन वर्षे मी हा दोष आपल्या सरावाचा समजून दुरुस्त करत राहिलो, हे आज आठवले की वाईट वाटते.

मुठीतील बारीकसारीक फरकाला नेमबाज इतके महत्त्व का देतात, हे एका साध्या हिशेबाने कळते. माझ्या पिस्तुलावर नेम जुळवण्यासाठीची मागची खाच आणि नळीच्या टोकावरचा उभा खुंट, म्हणजे पुढची माशी, यांतील अंतर सुमारे ३४० मिलिमीटर आहे. माशी खाचेत अवघी १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे २९ मिलिमीटर बाजूला जातो. लक्ष्यावरील दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे आणि त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत ८ मिलिमीटरने वाढते, म्हणजे एवढ्याशा चुकीत दहाचे सात होतात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीत नऊ. याउलट, माशी आणि खाच अचूक जुळलेली असताना संपूर्ण हात २ मिलिमीटर समांतर हलला, तर छर्राही तेवढाच, म्हणजे २ मिलिमीटर हलतो. हात थोडा डोलणारच. मनगटाचा कोन मात्र बदलता कामा नये. मुठीचे काम नेमके हे आहे. हात दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात आणि त्याच दाबाने बसावा, आणि बसला नसेल तर ते आपल्याला तत्काळ जाणवावे.

मापे देताना मी कागदावर हाताचा आराखडा काढला, तळहाताचा घेर मोजला, पिस्तूल धरलेल्या स्थितीतील चार बाजूंची छायाचित्रे दिली आणि मऊ मातीचा गोळा नेम धरताना आवळतो तितक्याच जोराने आवळून त्याचा ठसाही दिला. हा ठसा मी सरावाच्या आधी, विश्रांती घेतलेल्या हाताने दिला. ती चूक होती, आणि तिचा परिणाम पुढे दिसला.

लाकूड अक्रोडाचे घ्यायचे हे कारागिरानेच सुचवले. अक्रोड ना फार जड ना ठिसूळ; कानशीखाली ते स्वच्छ कापले जाते, बारीक कंगोरे टिकवून धरते आणि चांगले मुरलेले असेल तर नंतर फारसे वळत नाही. ठोकळा कापताना लाकडाचे तंतू मुठीच्या लांबीला समांतर ठेवले होते. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्याजवळ लाकूड सर्वांत पातळ असते आणि तिथे तंतू आडवे गेले तर ते तडकते. दुसरे म्हणजे लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ आकसत किंवा फुगत नाही, आडव्या दिशेने मात्र चांगलेच हलते; काळ्या अक्रोडाचे ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांना छेदणाऱ्या दिशेने सुमारे साडेपाच टक्के आणि वलयांच्या कडेने पावणेआठ टक्क्यांच्या आसपास आकसते. झाडाच्या फांदीफाट्याजवळचे नक्षीदार लाकूड दिसायला अप्रतिम असते, पण तिथे तंतू वेडेवाकडे धावतात. कारागिराने ते मला नाकारले आणि साधे, सरळ रेषांचे लाकूड घ्यायला लावले. त्या वेळी मी थोडा खट्टू झालो होतो. आज मी त्या नकाराचा आभारी आहे.

बाहेरच्या आकारापेक्षा मला आतील काम अधिक मोलाचे वाटते, आणि ते कोणी पाहत नाही. मुठीच्या पोकळीत पिस्तुलाची फ्रेम बसते. ती पोकळी कोरताना फ्रेमला काळ्या रंगाचा पातळ लेप देतात, मूठ चढवून काढतात आणि जिथे डाग उमटला तिथे लाकूड उंच आहे असे समजून पटाशीने केसभर काढतात. हे कित्येक वेळा करावे लागते. असे केल्याने दाब दोन-तीन बिंदूंवर न येता सगळ्या बाजूंवर पसरतो. माझ्या जुन्या मुठीत स्क्रू पूर्ण आवळूनही बोटांना न जाणवणारी सूक्ष्म हालचाल राहत असे. नव्या मुठीत, चौदा महिन्यांनंतरही, ती नाही. स्क्रू मी दर महिन्याला तपासतो, अर्थातच पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून आणि हवेचा सिलिंडर बाजूला ठेवून.

मूठ हाती आली त्या दिवशी डोळे मिटून हात उचलण्याची चाचणी मी वीस वेळा केली. डोळे उघडल्यावर माशी खाचेत कुठे दिसते ते लिहून ठेवले. जुन्या मुठीत ती बहुतेक वेळा डावीकडे झुकलेली असे. नव्या मुठीत वीसपैकी सतरा वेळा मधोमध होती, फक्त किंचित खाली. मुठीचा कोन थोडा बदलल्यावर ती उंचीही जुळली. पहिल्या चार-पाच सरावांत नेमगट, म्हणजे लक्ष्यावरील छर्ऱ्यांच्या खुणांचे पुंजके, इतके आवळून आले की मला कामच संपले असे वाटले.

अडचण चाळीस नेमांनंतर सुरू झाली. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० नेम मारायचे असतात आणि त्याआधी १५ मिनिटे तयारी व चाचणी नेमांची असतात. दहा-दहा नेमांच्या पहिल्या चार मालिका उत्तम जात, पाचवीपासून नेम उजवीकडे खाली उतरू लागत आणि शेवटच्या मालिकेत करंगळी बधिर होई. मी आधी श्वासाला दोष दिला, मग पायांच्या ठेवणीला. शेवटी एका सरावात चाळिसाव्या नेमानंतर तळहाताला खडूची भुकटी लावून मूठ धरली, सोडली आणि डाग पाहिले. तळहाताच्या करंगळीकडील बुडाशी आणि अंगठ्याच्या मांसल उंचवट्यावर दाट पांढरे पट्टे होते, तर मधल्या बोटाखाली, जिथे खरे तर पिस्तुलाचे वजन पेलले जायला हवे, तिथे जवळजवळ काहीच नव्हते. उबेने आणि तासभराच्या कामाने हात थोडा फुगतो. विश्रांतीतील हाताच्या ठशावर घडवलेली मूठ त्या फुगलेल्या हाताला चिमटा घेत होती.

कारागिराने दुसऱ्या दुरुस्तीत तळहाताखालचा आधार, ज्याला आम्ही शेल्फ म्हणतो, दीड मिलिमीटर खाली घेतला, तळहाताच्या मध्यभागी एक उथळ खोलगट जागा मोकळी सोडली आणि मधल्या व अनामिकेच्या बोटांखाली लाकडाच्या भुशात कालवलेली इपॉक्सी लांबी (खळगे भरायचा लगदा) भरून उंची वाढवली. आता पकड मागून-पुढून होते. अंगठा आणि करंगळी केवळ टेकलेली राहतात. तर्जनीच्या मुळाजवळ लाकूड इतके काढले आहे की ट्रिगर दाबताना बोट बाजूच्या लाकडाला कुठेही घासत नाही. या दुरुस्तीनंतर पहिल्या आणि शेवटच्या मालिकेतील माझा फरक सरासरी चार-पाच गुणांवरून एक-दोन गुणांवर आला. हा केवळ माझ्या वहीतील हिशेब आहे आणि त्यात सरावाचाही वाटा असणार, तरी करंगळीचा बधिरपणा त्याच आठवड्यात थांबला, हे मुठीचेच श्रेय आहे.

नियमांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण हातघडणीच्या मुठीत ती सहज निसटते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हवाई पिस्तूल मुठीसह ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत असले पाहिजे, शेल्फ मुठीशी ९० अंशांहून कमी कोन करता कामा नये, अंगठा वर उचलायला मोकळा असला पाहिजे आणि मनगटाला मुठीचा कोणताही भाग टेकता कामा नये. वजनाची मला चिंता नव्हती. पण अंगठ्याखालचा आधार आणि समोरच्या बाजूचा फुगवटा मिळून माझी मूठ ५२ मिलिमीटर रुंद भरली होती, आणि हे एका स्पर्धेच्या साहित्य-तपासणीत कळले. त्या दिवशी मी जुनी मूठ लावून खेळलो. दोष माझाही आहे, कारण रुंदी अचूक मोजणारे व्हर्नियर हे साधन घरी असूनही मी रुंदी मोजली नव्हती. पूर्वी ५० मीटर फ्री पिस्तुलात हाताला जवळजवळ वेढणाऱ्या मुठी चालत. तो प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेला. त्या घडणीची सवय असलेल्या कारागिराकडून हवाई पिस्तुलाची मूठ करून घ्यायची असेल, तर ही मापे लेखी द्यावीत.

पृष्ठभागाबद्दल थोडक्यात सांगतो. पकडीच्या भागावर टोच्याने दाट ठिपके मारून खरखरीतपणा आणलेला आहे. सुरुवातीला ते इतके तीक्ष्ण होते की अंगठ्याच्या बुडाशी फोड आला. बारीक पॉलिश पेपरचा एक हलका हात फिरवल्यावर त्रास थांबला आणि घामेजलेल्या हातातही पकड टिकून राहिली. ठिपक्यांत मळ साचतो, तो दर पंधरा दिवसांनी कोरड्या, ताठ ब्रशने काढावा लागतो. संपूर्ण मुठीला व्हार्निश नको, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याचा चकचकीत थर घामात निसरडा होतो आणि पुढे लाकूड घासायचे झाले तर आड येतो. मी वर्षातून दोनदा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देतो आणि जादा तेल पुसून घेतो. ते पुसलेले फडके चुरगाळून कधीही ठेवू नये. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन वाळताना उष्णता सोडते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेटू शकते. ते पसरून पूर्ण वाळू द्यावे, मगच टाकावे. घरी थोडेफार घासकाम करणाऱ्यांनी तोंडावर चांगला मास्क बांधावा, लाकडाची धूळ श्वासाला हानिकारक आहे.

दमट महिन्यांत मूठ किंचित फुगते, हे मला जाणवले. शेल्फ अर्ध्या मिलिमीटरने आवळल्यासारखा वाटतो आणि हवा कोरडी झाली की पुन्हा सैल होतो. शेल्फचा स्क्रू त्यासाठी पुरेसा आहे. मी दोन्ही जागांवर पेन्सिलीने बारीक रेघ करून ठेवली आहे. या एका बाबतीत पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेले लाकूड निःसंशय सरस आहे. त्याचे थर एकमेकांना रोखून धरतात आणि मूठ हवेनुसार फारशी बदलत नाही. सतत वेगवेगळ्या हवामानांत प्रवास करून खेळणाऱ्याने, मी म्हणेन, असेच थरांचे लाकूड घ्यावे, आणि त्यावर हाताचे काम करून घ्यावे.

यंत्रावर कातलेल्या मुठीपेक्षा हातघडणीची मूठ कितपत वेगळी, हा प्रश्न मला सरावातील सोबती वारंवार विचारतात. माझ्या मुठीचा ओबडधोबड आकारही यंत्रावरच काढलेला होता आणि त्यामुळे तिचे मोल मला तसूभरही कमी वाटत नाही. कानशीचे काम जिथे सुरू होते, तिथे हाताला महत्त्व येते: कारागीर थोडे काढतो, मला नेम धरायला लावतो, बोटांच्या सांध्यांकडे पाहतो, पुन्हा थोडे काढतो. पहिल्या भेटीत असे सतरा-अठरा वेळा झाले. या मुठीसाठी मी तयार मुठीच्या तिपटीहून अधिक मोजले, पण त्यात तीन दुरुस्त्यांचे वचन धरलेले होते, आणि ते वचन नसते तर मी ही मूठ कोणालाही सुचवली नसती. एकदाच करून हाती देणारा, कितीही निष्णात असला तरी, या कामाचा अर्धाच भाग करतो.

नेमबाजीला वर्षही झाले नसेल, तर तूर्त थांबावे असे मी सांगेन. त्या काळात उभे राहण्याची पद्धत, खांद्याचा कोन आणि मनगटाचा ताठपणा दर महिन्याला बदलत असतो. आजच्या हातावर घडवलेली मूठ चार महिन्यांनी चुकीच्या सवयीलाच जखडून ठेवील. तोवर तयार मूठ, एक कानस आणि लांबीचा डबा यांवर भरपूर शिकता येते. ज्यांची ठेवण स्थिरावली आहे त्यांनी कारागिराकडे जाण्याआधी निदान चाळीस नेम मारावेत, हात गरम असतानाच ठसा द्यावा आणि रुंदी मोजायला व्हर्नियर सोबत न्यावा. माझ्या मुठीत अजून एक काम बाकी आहे. अंगठ्याच्या टोकाखाली लाकूड थोडे जास्त आहे, त्यामुळे शेवटच्या दहा नेमांत अंगठा नकळत दाबू लागतो. तिथे मी पेन्सिलीने खूण केली आहे आणि पुढच्या भेटीत अर्धा मिलिमीटर काढून घेणार आहे.