हेडलाइटला वाफ धरली म्हणून १३,०५० रुपये गेले, वर जुने दिवेही गेले

'सील गेलंय साहेब, असेंब्लीच, म्हणजे अख्खा दिवाच, नवा टाकावा लागेल' हे पावसाळ्यात ज्याच्या तोंडून ऐकाल, त्याच्या दारातून आधी गाडी बाहेर काढा. बाकीचं नंतर वाचा.

गाडी २०१७ ची साधी हॅचबॅक, हॅलोजन दिव्यांची. राहतो चिपळूणला. वडिलांच्या उपचारांसाठी कराडला ये-जा असते, म्हणजे कुंभार्ली घाट आला आणि परतताना बहुतेक रात्रच. पावसाळ्यात घाटात धुकं असं दाटतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसतात. अशात उजव्या हेडलाइटच्या काचेला आतून वाफ धरली. 'एवढ्याशा वाफेसाठी गॅरेजला कशाला गेलास?' असं आता जो तो विचारतो. आजारी वडिलांना मागच्या सीटवर झोपवून घाट उतरणाऱ्याने दिव्याची काळजी करायची नाही, तर कशाची करायची?

गेलो ते महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये. उन्हाळ्यात याच दिव्याचा बल्ब त्यांनीच बदलला होता. हे ध्यानात ठेवा.

फोरमनने टॉर्च मारला, बॉनेट उघडून मागे हात घातला आणि क्षणात निकाल दिला: दोन्ही दिव्यांचं सील गेलंय, एकच बदलला तर उजेड कमी-जास्त पडेल. 'कंपनीचा माल' म्हणून एक दिवा ४,८५० रुपये, दोन्हींचे ९,७००. 'पावसाळी पॅकिंग' १,२५०, मजुरी १,५००, फोकस सेटिंग ६००. एकूण १३,०५०. त्यातले ५,००० आगाऊ रोख घेतले. बाकीचे ८,०५० यूपीआयने भरले, तेही भलत्याच माणसाच्या नावावर. बिल म्हणून वहीचा कागद, त्यावर नुसते आकडे. ना गॅरेजचा शिक्का, ना जीएसटी नंबर.

आणि तो क्षण. मी तिथे समोर उभा होतो. पोऱ्याने खोक्यातून नवा दिवा काढला आणि काचेच्या कडेने ट्यूबमधलं पारदर्शक सिलिकॉन भरायला लागला. व्हिनेगरसारखा आंबट वास नाकात गेला. नव्याकोऱ्या, कारखान्यातून सील होऊन आलेल्या दिव्याला वरून सिलिकॉन कशासाठी? विचारलं मी, गप्प नाही बसलो. फोरमन म्हणाला, 'कोकणातला पाऊस आहे साहेब, इथे लागतंच.' चिपळूणचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे पटणारच. त्याच पोऱ्याने दिव्याच्या पाठीवरची बारीक नळीही सिलिकॉनने बुजवली. खोक्यावर एमआरपीचं लेबल नव्हतं, हेही तेव्हा डोळ्यांसमोरच होतं. आजही रात्री तो वास आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते.

गणपतीच्या आधीच दोन्ही दिव्यांत पाणी. आता नुसती वाफ नव्हती, थेंब ओघळत होते, तळाशी पाणी साचलं होतं आणि आतल्या चकचकीत रिफ्लेक्टरवर पांढुरकी साय धरली होती.

कराडच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने दिवा हातात घेताच सांगितलं की हा डुप्लिकेट आहे. कंपनीच्या दिव्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि पार्ट नंबर साच्यातच उठवलेले असतात, यावर काहीच नव्हतं. बाजारात असा दिवा बाराशे-चौदाशेला मिळतो. मग त्याने समजावलं ते प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक हवं. हेडलाइट हवाबंद नसतोच. दिवा तापला की आतली हवा फुगून त्या नळीवाटे बाहेर जाते, विझून थंड झाला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. म्हणून पावसात किंवा गाडी धुतल्यावर काचेला पातळ वाफ धरणं हा बिघाड नाही. दिवे लावून गाडी चालवली की ती जाते. थेंब ओघळले किंवा पाणी साचलं, तरच दिवा गळतोय असं समजा. नळी बुजवली तर आत शिरलेला ओलावा बाहेर पडणार कुठून? आणि त्या आंबट सिलिकॉनच्या वाफेने रिफ्लेक्टर खराब होतो तो वेगळाच.

मग माझ्या मूळ दिव्याला झालं काय होतं? बल्बच्या मागे रबरी बूट, म्हणजे टोपण असतं, तो चहूबाजूंनी दाबून बसवावा लागतो. उन्हाळ्यात बल्ब बदलताना त्यांनी तो नीट बसवलाच नव्हता. फोरमनचा हात त्या दिवशी नेमका तिथेच गेला होता! त्याला कळलं होतं. नवा बूट ११० रुपयांना येतो.

जुने दिवे मागायला गेलो तर फोरमन 'भंगारात दिले' म्हणाला. कंपनीच्या चांगल्या दिव्यांना गिऱ्हाईक असतं, भंगारात कोण देतो? सुटा भाग बदलला की जुना भाग तिथल्या तिथे डिकीत टाकून घ्या, विचारत बसू नका.

पोलीस चौकीत बसवून ठेवलं आणि मग सांगितलं, 'हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा.' दिवाणी कसा? माझी वस्तू मला न विचारता विकली. भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला कलम ३१६ आहे, फसवणुकीला ३१८ आहे. हे बोललो तर साहेब म्हणाले, 'मग वकीलच करा.' तक्रार अर्जाची पोच मागितली, तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. दुसऱ्या वेळी तो रजेवर. पक्कं बिल नाही म्हणून मलाच दरडावलं. पक्कं बिल न देणाऱ्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही! खोक्यावर एमआरपी नाही म्हणून एका सरकारी कार्यालयात गेलो, तिथे म्हणाले, खोकं आणा. खोकं गॅरेजवाल्याकडे. कर आम्ही भरायचा, पुरावे आम्ही गोळा करायचे, खेटेही आम्हीच घालायचे, मग ही माणसं खुर्चीत बसतात कशासाठी?

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, मुदत दोन वर्षं. आयोग आमच्यापासून लांब रत्नागिरीला आहे, तरी मी सोडणार नाही. यूपीआयची पावती, वहीचा तो कागद, दोन्ही दिव्यांचे फोटो आणि इलेक्ट्रिशियनने लिहून दिलेलं, सगळं तक्रारीला जोडलंय. महामार्गालगत 'पावसाळी पॅकिंग' असं लिहिलेला कागद आणखी कुणाला मिळाला असेल, तर तो फाडू नका.