बी-12 : गोळी की इंजेक्शन?

इंदूरच्या शाकाहारी मराठी घरांत बी-12 कमी निघालं तर नवल नाही. सकाळच्या पोह्यांत ते नसतंच. दूध-दह्यातून मिळेल तेवढंच.

गोळी स्वस्त, सुईची भीती नाही. जठरातला इंट्रिन्सिक फॅक्टर (बी-12 शोषून घ्यायला मदत करणारं प्रथिन) कमी असला तरी 1000 मायक्रोग्रॅमपैकी साधारण 1 टक्का आतड्यातून आपसूक शोषलं जातं, आणि रोजची गरज जेमतेम 2 ते 2.5 मायक्रोग्रॅम! म्हणून बहुतेकांना मी गोळीच सुचवेन.

इंजेक्शनला पचनाची अडचण येत नाही. हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, तर डॉक्टर सहसा तेच आधी देतात. गोळ्या हमखास विसरणाऱ्या आजोबांनाही (विसरत नाही म्हणतात, तरी) तेच बरं.

नुसत्या फॉलिक ॲसिडवर (हेही एक बी जीवनसत्त्वच) मात्र राहू नये : हिमोग्लोबिन सुधारतं, बी-12 अभावी होणारी नसांची हानी चालूच राहते.