हलक्या एअर रायफलसाठी एकसंध स्कोप माउंट

स्प्रिंगवर चालणाऱ्या हलक्या एअर रायफलवर दुर्बीण बसवायची म्हटले की बहुतेक जण सगळे पैसे दुर्बिणीवर घालतात आणि माउंट, म्हणजे तिला रायफलवर धरून ठेवणारी पकड, मात्र तिच्याबरोबर आलेलाच वापरतात. माझे मत नेमके उलट झाले आहे. तीन किलोंच्या आतल्या रायफलवर साधी दुर्बीण आणि चांगला माउंट हीच जोडी अधिक भरवशाची ठरते. ज्या माउंटविषयी लिहितो आहे तो ॲल्युमिनियमचा, एकसंध (दोन्ही रिंगा एकाच तळावर असलेला), रायफलवरच्या 11 मिलिमीटरच्या डव्हटेल रेलवर (तिरक्या कडांच्या पट्टीवर) बसणारा, एक इंची नळीच्या दुर्बिणीसाठीचा आणि मागच्या बाजूला त्याला सरकू न देणारी स्टॉप-पिन असलेला आहे. असे माउंट अनेक नावांनी विकले जातात, त्यामुळे नावापेक्षा घडण पाहून घ्यावी.

वापर तासगावकडच्या शेतात, मातीच्या उंच बांधापुढे टांगलेल्या पत्र्याच्या चकत्यांवर झाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता शिकारीचा प्रश्न उरलेला नाही, आणि द्राक्षबागेवर उतरणाऱ्या पोपटांनाही त्याच कायद्याचे संरक्षण आहे, हे आमच्या भागात अधूनमधून सांगावे लागते.

स्प्रिंग रायफलचा धक्का दुहेरी असतो. घोडा ओढल्यावर पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन नळकांड्याच्या टोकाशी थांबला की तीच रायफल झटक्याने पुढे जाते. हा दुसरा झटका अधिक तीव्र असल्याने दुर्बीण जागच्या जागी राहू पाहते आणि माउंट रेलवरून हळूहळू मागे सरकतो. रायफल जितकी हलकी, तितका हा हिसका मोठा. आधीच्या दोन सुट्या रिंगांच्या मागे मी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवली होती. डबाभर छर्रे संपेपर्यंत ती रेघ रिंगेखाली गडप झाली होती, आणि छर्रे कुठे जात आहेत याचा मेळ लागत नव्हता. नव्या माउंटची पकड लांब असून पिन रेलवरच्या भोकात अडकते, त्यामुळे रेघ आजही होती तिथेच आहे.

मात्र पिन सरळ बसली नाही. ती भोकापेक्षा किंचित जाड निघाली आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवर तिचे टोक उतरवून घ्यावे लागले. काम किरकोळ होते, पण विकत घेतलेल्या वस्तूला लेथ दाखवावा लागणे हा दोषच. ज्यांच्या रेलवर असे भोकच नाही, त्यांनी हा माउंट घेऊन उपयोग नाही. त्यांनी पिनेशिवाय केवळ पकडीवर टिकणारे, बीकेएलसारखे माउंट पाहावेत.

एकसंध माउंटची खरी अडचण वेगळीच आहे. मधून मोडणाऱ्या रायफलींची नळी पुष्कळदा रेलच्या तुलनेत किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे छर्रे खाली लागतात आणि दुर्बिणीचे वरचे बटण शेवटापर्यंत फिरवावे लागते. इतके फिरवल्यावर आतली स्प्रिंग सैल पडून नेम भरकटू लागतो. यावर मागच्या रिंगेत दुर्बिणीखाली जुन्या कॅमेरा रोलच्या निगेटिव्हची एक पट्टी घातली की काम भागते. पट्ट्यांचा थर वाढवला तर दुर्बिणीच्या नळीवर ताण येतो. झुकाव जास्त असेल, तर उंची बदलता येणारा माउंट घेणेच शहाणपणाचे, मग तो महाग पडला तरी.

उंची मध्यम घ्यावी. 40 मिलिमीटरच्या भिंगाला ती पुरते, आणि उंच माउंटवर गाल दस्त्यावरून उचलावा लागतो तसे होत नाही. बसवण्यापूर्वी रेलवरचे तेल पूर्ण पुसावे, रिंगांचे स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळून दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवावी, आणि ॲलन कीचा आखूड दांडा बोटांत धरूनच जोर लावावा. दोन न्यूटन-मीटरच्या आसपास पुष्कळ होतो, त्यापुढे दुर्बिणीच्या नळीवर वळ उठतात. निळे लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) फक्त रेलच्या स्क्रूंना लावले.

दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी मात्र हा खर्च व्यर्थ आहे, कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही, तिथे पीप साइटच (बारीक भोकातून नेम धरायची साधी साइट) लागते. बाकीच्यांनी दुर्बिणीच्या किमतीतून थोडे कापून हा माउंट जरूर घ्यावा, फक्त ऑर्डर देण्यापूर्वी रेलची रुंदी आणि भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजून घ्यावा.