सहा धर्म, सहा पेट्या: वर्गात उघडण्याआधी

इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत धर्मांविषयीचा तास कायद्यानेच असतो. १९८८च्या शिक्षण कायद्याप्रमाणे ख्रिस्ती परंपरेवर मुख्य भर ठेवून इतर प्रमुख धर्मही अभ्यासक्रमात घ्यावे लागतात. या तासासाठी शाळा वस्तूंच्या पेट्या विकत किंवा भाड्याने घेतात. ख्रिस्ती, इस्लाम, हिंदू, शीख, ज्यू आणि बौद्ध, अशी धर्माला एक पेटी.

सगळ्यांत चांगली ज्यू पेटी. तिच्यातला हवदाला विधीचा संच शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, संपतानाचा, म्हणजे शनिवारी रात्रीचा: वेणीसारखी वळलेली अनेक वातींची मेणबत्ती, मसाल्याची डबी, पेला. डबीतल्या लवंगा जुन्या असतील तर टाकून ताज्या भरा; वास शेवटच्या बाकापर्यंत गेला की अर्धा तास शिकवून झाला. मेणबत्ती वाइनमध्ये विझवतात, वर्गात बशीभर द्राक्षाचा रस चालतो. दाराच्या चौकटीवर लावायच्या मेझुझाच्या, म्हणजे धर्मग्रंथातल्या ओळी ठेवायच्या, नळीत मात्र बहुधा छापील कागद निघतो. खरा मजकूर चर्मपत्रावर हातानेच लिहिलेला लागतो. शाळेसाठी कागदच बरा, कारण खरं लिखाण पवित्र, ते तीस मुलांच्या हाती फिरवायची वस्तू नव्हे. पण हे वस्तूबरोबरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं हवं.

हिंदू पेटीत स्टीलचं ताट, घंटा, निरांजन, उदबत्तीचं घर, कुंकवाची वाटी, छोटी लोटी आणि पळी. पळीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘चमचा’ लिहिलं असेल तर मुलं तिने कुंकू ढवळणार, हे ठरलेलं. लोटीत पाणी भरून एक पळी तळहातावर घालून दाखवा, काम लगेच कळतं. उदबत्ती खोलीत लावू नका, धुराचा अलार्म वाजून अख्खी शाळा मैदानात उभी राहते.

शीख पेटीत पाच ककारांपैकी, म्हणजे शिखांनी अंगावर बाळगायच्या पाच खुणांपैकी, चारच मावतात. पाचवा, केस, डोक्यावरच असतो. ही उणीव नाही, तिथूनच धडा सुरू करावा. इस्लामच्या पेटीतलं किब्ल्याचं, म्हणजे नमाजासाठी मक्केची दिशा दाखवणारं, होकायंत्र लोखंडी पायांच्या बाकावर चुकीची दिशा दाखवतं, ते मोकळ्या जागी हातात धरून वापरा. लंडनहून मक्का आग्नेयेला येते.

बौद्ध पेटी सगळ्यांत कच्ची. प्रार्थनाचक्र, घुमणारं वाडगं, सगळं हिमालयाकडचं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. आंबेडकरांबरोबर लाखोंनी घेतलेल्या दीक्षेला यात जागाच नाही. बावीस प्रतिज्ञांचा कागद फुकटात घालता आला असता.

खरी अडचण ‘धर्माला एक पेटी’ या मांडणीतच आहे. एक पेटी उघडली की ‘ते लोक असं करतात’ एवढंच मुलांच्या हाती लागतं. त्यापेक्षा पेट्या फोडा. चार पेट्यांतल्या माळा एका टेबलावर ठेवा आणि मोजायला लावा: हिंदू आणि बौद्ध माळेत १०८ मणी, मुस्लिमांच्या तस्बीहमध्ये ९९ किंवा ३३, कॅथलिक रोझरीत ५९. मग विचारा, सुरुवात कुठून? रोझरी क्रुसापासून सुरू होते. जपमाळेत मेरुमणी ओलांडायचा नसतो, तिथून उलटं फिरायचं. ३३ मण्यांच्या तस्बीहच्या तीन फेऱ्या होतात. प्रत्येक मण्याला काय म्हणतात, हे शेवटी. आणि ‘ख्रिस्ती लोक रोझरी वापरतात’ असं सरसकट सांगू नका. ‘बरेच कॅथलिक वापरतात, बहुतेक प्रोटेस्टंट नाही’ हे खरं. क्वेकर या साधेपणा पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या सभागृहातून तर पेटीत टाकायला जवळजवळ काहीच मिळणार नाही.

वस्तू हातात घेऊ द्यावी, पण नमाज किंवा आरती ‘करून बघायला’ लावू नये. निरीक्षण आणि उपासना यांतली रेघ तिथेच पुसली जाते, आणि पालकांना मूल या तासातून काढून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे.

विकत घ्यायच्या तर ज्यू आणि शीख पेट्या घ्याव्यात, बाकीच्या भाड्याने पुरतात. परत पाठवताना मणी पुन्हा मोजा. दोरा तुटला तर १०८वा मणी नेमका रेडिएटरखाली सापडतो.