यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन : आधी ‘खट्’ ऐका, मग पैसे मोजा

जुना रेंजफाइंडर (व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) पहिल्यांदाच घेणार असाल, तर १९७३चा हा जपानी कॅमेरा डोळे झाकून सुचवावा असा आहे. घेताना मात्र डोळे आणि कान दोन्ही उघडे ठेवायचे. जीएसएन रुपेरी, जीटीएन काळा, आतून दोन्ही एकच. ४५ मिमीची एफ/१.७ यशिनॉन लेन्स हेच याचं वैभव. एवढा उजेड आत घेणारी लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) इतर जुन्या कॅमेऱ्यांवर या भावात सहसा मिळत नाही.

दुकानात सर्वांत आधी फिल्म पुढे सरकवणारी दांडी हळू ओढा. शेवटाला आतून ‘खट्’ असा आवाज आलाच पाहिजे. आला नाही, तर शटरच्या यंत्रणेतला रबराचा छोटा तुकडा झिजून विरघळला आहे. मग शटर नीट बसत नाही आणि एक्सपोजर (फिल्मवर पडणारा उजेड) चुकतं. दुरुस्ती होते, पण वरचं कव्हर उघडावं लागतं. तेवढी किंमत कमी करून घ्या.

दुसरी अडचण सेलची. मूळ ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. ६ व्होल्टचा ४एलआर४४ चालतो. तो बारीक आणि आखूड असल्याने भोवती कागदाची गुंडाळी आणि एका टोकाला स्प्रिंग द्यावी लागते. सेल नसेल तर शटर फक्त १/५०० सेकंदाला चालतं, म्हणून ‘क्लिक होतंय ना’ एवढ्यावर विसंबू नका. सेल घालून अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरा, एफ/१६ लावा आणि बटण अर्धं दाबा: पिवळा दिवा लागायला हवा, म्हणजे कॅमेऱ्याने हळू शटर निवडलं. पूर्ण दाबल्यावर शटर बराच वेळ उघडं राहिलं पाहिजे. एफ/१.७ लावून उन्हाकडे धरलं की लाल दिवा, म्हणजे उजेड फार जास्त.

लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या नगात ती हमखास सापडते. मागच्या झाकणाच्या खाचांतला फोम चिकट झालेला असतोच. काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून खाचेत काळी लोकर बसवली की काम भागतं.

वापरण्याची मजा व्ह्यूफाइंडरमध्ये आहे. मधल्या पिवळसर तुकड्यात समोरच्याच्या चष्म्याची काडी दोनदा दिसते. रिंग फिरवली की दोन्ही काड्या सरकत येऊन एक होतात. बटण दाबताना चित्र क्षणभरही काळं होत नाही आणि आवाज इतका कमी की शेजारच्यालाही कळत नाही. तो पिवळसर तुकडा फिका पडला असेल, तर व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर मधोमध काळ्या टेपचा बारीक तुकडा लावा. फोकस लगेच स्पष्ट दिसतो.

दोन गोष्टी सवयीने जमतात. उजेड मोजणारा डोळा लेन्सबाहेर आहे, त्यामुळे लेन्सचं झाकण काढायचं राहिलं तरी कॅमेरा काहीच सांगत नाही. फिल्टर लावला तर एएसए (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) स्वतः कमी करावा लागतो: एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, खाणारा फिल्टर आणि ४०० ची फिल्म, तर डायल २०० वर.

बॅगेत ठेवताना बटणाभोवतीची लॉकची रिंग फिरवून ठेवा. बटण दाबलं गेलं की सेल उतरतो.

पहिला रोल दुपारच्या उन्हात वापरायचा असेल तर १०० चा घ्या. ४०० ला एफ/१६ वरच साधारण १/४०० लागतो. एफ/८ ला गेलात की लाल दिवा, कारण १/५०० च्या वर हे शटर जात नाही.