वॉटर पार्कच्या ‘फॅमिली सेव्हर’ कार्डात आमचे पैसे असे अडकले

गोव्यात मुलांना घेऊन वॉटर पार्कला जाणार असाल, तर तिकिटापेक्षा आतल्या खाण्यापिण्याच्या पैशांवर जास्त लक्ष ठेवा. आम्ही डिचोलीला राहतो. मे महिन्यात नणंद मुलांना घेऊन कोल्हापूरहून आली होती, म्हणून सगळे मिळून उत्तर गोव्यातल्या एका पार्कला गेलो. तक्रार अजून चालू आहे, म्हणून पार्कचं नाव लिहीत नाही.

गेटवर पिशव्या तपासल्या आणि चिवडा, शंकरपाळ्या, केळी सगळं गाडीत ठेवून यायला सांगितलं. तसा फलक तिथे होता, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पुढे मात्र कळलं की आत रोख चालत नाही, यूपीआयही नाही, फक्त पार्कचं कार्ड. खिडकीवरच्या मुलाने ‘फॅमिली सेव्हर’ सुचवलं: दोन हजार भरा, चोवीसशेचं खा. कार्डाचे शंभर रुपये वेगळे. मी त्याला स्पष्ट विचारलं, “उरलेले पैसे परत मिळतात ना?” तो म्हणाला, “हो ताई, जाताना घ्या.” नणंदही शेजारीच उभी होती, तिनेही ऐकलं.

पार्कवाल्यांना सोयीची गोष्ट ही, की पाण्यात उतरायचं म्हणजे मोबाइल, पाकीट, चष्मा सगळं लॉकरमध्ये जातं. दरफलकाचा फोटो काढता येत नाही, बिलावरचे बारीक आकडे वाचता येत नाहीत. आणि तासभर पाण्यात खेळून आलेल्या पोरांची भूक कशी असते, हे आयांना सांगायला नको. आम्ही ओल्या कपड्यांत रांगेत उभे होतो आणि लहानगा “मामी, पाणी” म्हणून माझा हात ओढत होता. अशा वेळी कोण दर विचारत बसणार? या धंद्याचं सगळं गणित त्या घाईवर बसवलेलं आहे, असं माझं ठाम मत झालंय.

पावभाजीच्या तीन प्लेट, दोन प्लेट समोसे, चार ग्लास कोल्ड्रिंक आणि पाण्याच्या दोन बाटल्या, एवढंच घेतलं. कोल्ड्रिंकचा ग्लास ११० रुपये आणि त्यात अर्ध्याहून जास्त बर्फ. सगळं मिळून १,४६० झाले. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, १४६ रुपये. ताट आम्हीच काउंटरवरून उचललं, टेबलही आम्हीच पुसलं, मग सेवा कसली? ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की हॉटेलांनी असा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. बिलात दिसला तर काढून टाकायला सांगा.

पाण्याच्या बाटलीने मला सगळ्यात जास्त संताप आला. एक लिटरची बाटली, छापील किंमत ६० रुपये. त्याच कंपनीची, तेवढीच बाटली तेव्हा म्हापशाच्या दुकानात २० रुपयांना मिळत होती. एकाच मालावर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. पार्कवाले सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१७ च्या निकालाचा आधार घेतात. त्यात हॉटेल-रेस्टॉरंटला बसवून वाढताना एमआरपीपेक्षा जास्त घ्यायची मुभा मिळाली आहे. पण बाटलीवर किंमतच वेगळी छापून आणणं, ही गोष्ट निराळी. ती रिकामी बाटली मी जपून ठेवली आहे.

संध्याकाळी निघताना कार्डावर ७९४ रुपये दिसत होते. खिडकीवर गेलो तर रिफंड काउंटर साडेचारलाच बंद. राइड सहापर्यंत चालू आणि पैसे द्यायची खिडकी साडेचारला बंद! वर ऐकवलं की त्यातले ४०० बोनसचे, ते पाणी-कोल्ड्रिंकला चालत नाहीत आणि पाचशेच्या वरच्या बिलालाच वापरता येतात. आमचे स्वतःचे ३९४ “आजच्यापुरतेच” होते, आणि कार्डाचे शंभरही परत नाहीत. सकाळी यातलं एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. ह्यांनी शांतपणे मॅनेजरला बोलवा म्हटलं, तर मॅनेजर निघून गेलेले.

पार्कच्या आतच चालणाऱ्या अशा कार्डांना रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, त्यामुळे बँकेकडे दाद मागून उपयोग नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. आम्ही तीच केली.

पुन्हा जाणाऱ्यांनी एवढं जरूर करावं. सकाळी म्हापशात भाजी-पाव पोटभर खाऊन निघा. हातावर शिक्का मारून बाहेर जाऊन परत येता येतं का, ते तिकीट काढतानाच विचारा. येत असेल तर दुपारी गाडीपाशी जाऊन खा. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत दही, अंडी, उसळ ठेवू नका. चिवडा, लाडू, केळी टिकतात. कोकम सरबत थर्मासमध्ये न्या. पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे आहे ते आत शिरताच विचारून घ्या, बहुतेकदा तो स्वच्छतागृहाच्या बाजूला असतो आणि बोर्ड दिसत नाही. कार्ड घ्यावंच लागलं तर दोन-तीनशेच भरा, बोनसला भुलू नका, आणि रिफंडची वेळ पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला नकार मिळाला, तर तिथेच काय ते समजा. मोबाइल लॉकरमध्ये टाकण्याआधी त्यावर दरफलकाचा फोटो काढून ठेवा.

हेल्पलाइनवर तक्रार गेल्यावर पार्ककडून उत्तर आलं, पुढच्या वेळी पाचशेचं कूपन देतो म्हणून. आम्ही नाकारलं. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, तेव्हा आता तिथेच अर्ज देणार आहोत. तुमच्याकडे अशाच कार्डाची पावती किंवा जास्त किंमत छापलेली बाटली असेल तर फेकू नका, आम्हाला कळवा. एकापेक्षा जास्त कुटुंबांचे कागद एकत्र गेले तर अर्जाला जोर येईल.