मेपल सिरपचा घरगुती संच: तोट्या चोख, गाळणी बेताची

मेपलच्या खोडातला रस काढून, आटवून घरीच सिरप करण्याचा हा संच अमेरिका-कॅनडात हिवाळा सरत आला की हार्डवेअरच्या दुकानांत दिसू लागतो. 5/16 इंची तीन प्लॅस्टिकच्या तोट्या, नळ्या, ड्रिल बिट, कापडी गाळणी आणि थर्मामीटर. परसात शुगर मेपलचं झाड असलेल्या टोरोंटो-बॉस्टनकडच्या मंडळींना मोह होणारच. झाडापाशी तो चोख काम करतो, शेगडीपाशी उघडा पडतो.

तोट्या बारीक आहेत हे उत्तम. जुन्या 7/16 इंची तोट्यांपेक्षा झाडाची जखम लवकर भरते. खोडाचा व्यास छातीच्या उंचीवर किमान 10 इंच हवा. दुसरी तोटी 18 इंचांच्या पुढेच. भोक दीड इंच खोल आणि आत किंचित चढतं पाडा. भुसा फिकट निघाला तर ठीक, तपकिरी निघाला तर जागा बदला. तोटी हलक्या हाताने ठोकायची आणि आवाज बद्द झाला की थांबायचं. आणखी ठोकलीत तर लाकूड चिरतं नि रस तोटीच्या कडेने गळतो.

रात्री शून्याखाली, दिवसा 4-5 अंश वर, असं हवामान असेल तेव्हाच रस वाहतो. कळ्या फुगू लागल्या की तोट्या काढा, पुढचं सिरप उग्र लागतं.

रसात साखर जेमतेम 2 टक्के, त्यामुळे 40 लिटर रसाचं सिरप होतं लिटरभर. बाकीची वाफ स्वयंपाकघरात सोडलीत तर भिंतींना पाणी सुटेल. बाहेर प्रोपेनच्या शेगडीवर, स्टीलच्या रुंद, उथळ ट्रेमध्ये आटवा आणि गुऱ्हाळातल्यासारखी मळी काढत राहा. फेस उतू येऊ लागला तर लोण्याचा ठिपका पुरतो. शेवटचे दोन लिटर मात्र घरात, नजर न हलवता.

पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या 4 अंश वर सिरप तयार होतं. हवेच्या दाबाप्रमाणे तो आकडा रोज हलतो, म्हणून आधी साधं पाणी उकळून बघा. संचातल्या थर्मामीटरवर दोन-दोन अंशांच्या रेघा आहेत, एवढ्या नाजूक कामाला तो कुचकामी. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) घ्या आणि 66 ब्रिक्स, म्हणजे 66 टक्के साखर, गाठा. कमी राहिलं तर सिरप आंबतं, 67 च्या पुढे गेलं तर तळाशी खडे धरतात.

सगळ्यांत रडकी वस्तू म्हणजे गाळणी. आटताना क्षारांची, मुख्यतः कॅल्शियम मॅलेटची, रेती तयार होते, ती या विरळ कापडातून सरळ पार होते. जाड फेल्टची (नमद्यासारख्या दाबलेल्या कापडाची) शंकूच्या आकाराची गाळणी हवी, आत पातळ अस्तरासह. ती गरम पाण्यात भिजवून, निथळून, सिरप कढत असतानाच ओता. पिळायची अजिबात नाही, नाहीतर रेती खाली उतरलीच. मग 85 अंशांवर बाटल्या भरा आणि झाकण लावून क्षणभर आडव्या करा.

तोट्या, नळ्या आणि बिट सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्या, उरलेले पैसे हायड्रोमीटर आणि फेल्टला. एकच बेताचं झाड असेल तर तीन तोट्यांचा संच घ्यायचं कारणच नाही.